पदराआड

"यंत्र खोटं बोलत नाही," म्हणत शेठनी कपाट उघडून बघण्याआधी इंदुमावशींना पिशवी उघडायला लावली. साड्यांचे टॅग वाचणारं नवं यंत्र सांगत होतं, की मावशींच्या कपाटातल्या सगळ्यात भारी पैठण्या गायब आहेत. पिशवीत निघाला जेवणाचा डबा आणि छत्री. आम्ही बाकीचे सेल्समन गादीवर माना खाली घालून बसलो.

तेवढ्यात यंत्र बसवणारी तेजल आली. आता ही आपल्या यंत्राची तळी उचलणार, असंच मला वाटलं. पण तिने थेट कपाट उघडलं. पैठण्या जागच्या जागी होत्या! एक उलगडून तिने विचारलं, "टॅग पदरात का खोचलाय?"

"मानाची जागा ती," मी म्हणालो.

"पण पदर खऱ्या चांदीच्या जरीचा आहे. धातूच्या आडून टॅगचा आवाज यंत्रापर्यंत पोचतच नाही. साडी जितकी अस्सल, तितकं यंत्र बहिरं. हे मीच आधी तपासायला हवं होतं."

तिने प्रत्येक टॅग रेशमी दोऱ्याने घडीबाहेर लोंबता बांधला आणि यंत्र फिरवलं. सगळं कपाट टिकटिकायला लागलं. शेठ खूश झाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

तेजलच्या लेखी नव्हता. भर दुकानात ती मावशींपुढे वाकली. "मावशी, माझी चूक पदरात घ्या."

मी मनातल्या मनात तिला सलाम ठोकला.

"घेतली गं बाई," मावशी तिला उठवत म्हणाल्या. मग शेठकडे बघून म्हणाल्या, "पदरात अजून जागा आहे."