वीतभर आत

तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने ट्रॅक्टरमागे जोडायच्या गवत कापायच्या यंत्राच्या कडेपासून चाकापर्यंत टेप धरली. "चाक वीतभर आत घेतलंय. चाक काठाला असलं की कड उचललेली राहते. आत घेतलं की कडेला आधारच नाही. जरा उंचवटा आला की पातं मातीत घुसतं आणि दगड उडवतं."

परवा असाच एक दगड उडाला आणि रस्त्याने चाललेली एक म्हातारी जागच्या जागी गेली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर तेव्हापासून कोठडीत होता. त्याची बायको सकाळपासून वर्कशॉपच्या दारात उभी होती. वेल्डर तिचा सख्खा भाऊ.

"दादा, सांग ना साहेबांना," ती म्हणाली. "भिंतीलगतचं गवत राहतं म्हणून मुकादम रोज यांच्यावर ओरडायचा. तूच म्हणालास, आण इकडे, चाक आत घेऊन देतो."

शब्दन्‌शब्द खरं होतं. वेल्डरला आपली जोड दहा हातांवरूनही ओळखू येते, आणि ही तर त्याने मोठ्या हौसेने केली होती. कंपनीच्या इंजिनिअरांना एवढंही सुचू नये, असं चहा पिताना चारचौघांत म्हणालाही होता. काम पाहून मुकादमाने उरलेली तीन यंत्रंही त्याच्याकडेच पाठवली. तीही आता वीतभर आत घेतलेल्या चाकांवर गावभर फिरत होती. खरं सांगितलं की आपणच कोठडीत.

"मी नाही केलं," त्याने काखा वर केल्या. "त्यानेच कुठूनतरी करून आणलं असेल. ऐकतो का तो कुणाचं?"

बहीण लहानपणापासून तापट. ती आता आकाशपाताळ एक करणार, म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. पण ती वाकून त्या चाकाची जोड बघू लागली.

"बाकीची तीन यंत्रं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"ती कंपनीतून आली तशीच आहेत."

"मग ती बंद ठेवायला नकोत." अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. वेल्डरने सही केली.

बहिणीने पिशवी उचलली. "निघते. शाळा सुटेल. पोरगी भिंतीपाशी वाट बघत उभी राहते. आज तिथे गवत कापतायत, धुरळ्याने खोकत बसेल."

ती फाटकापर्यंत गेली, तेव्हा तो धावत तिच्या मागे आला. अधिकाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "आज तिला शाळेच्या मागच्या दाराने आण."

ती थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आणि बाकीची पोरं, दादा?"