गोळ्या उष्ण पडल्या

मिठागरावर काम करणाऱ्या ठमीची मैना चार वर्षांची झाली तरी चालत नव्हती. जन्मापासून पाय ताठ, अंग थंड आणि दिवसभर झोप. सगळे म्हणत, पाय असे, म्हणून पोर अशी.

पेणच्या डॉक्टरांनी मात्र तिचा गळा चाचपला. "पायांना माझ्याकडे औषध नाही, बाई. पण ही झोप आणि हा गारठा पायांमुळे नाही. गळ्यातली ग्रंथी काम करत नाही. गोळ्या देतो, त्या बंद करू नका."

महिन्याभरात मैनेचं अंग हाताला गरम लागू लागलं. तिला घाम येऊ लागला, ती वेळी-अवेळी रडू लागली. सासू बायजा म्हणाली, "गोळ्या उष्ण पडल्या गो. माझी गुणी नात बिघडवली त्या डागदरान. बंद कर." ठमीने गोळ्या थांबवल्या आणि पोरीला सब्जाचं पाणी पाजलं. हळूहळू पोर निवली, गप्प झाली. बायजाने देवाला नारळ दिला.

पुढच्या वर्षी मैनेला खोकला झाला म्हणून नेली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा गार हात हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"ताप नव्हता तो, ठमीबाई. तिचं अंग पहिल्यांदाच आपल्यासारखं उबदार झालं होतं. भूक लागायला लागली, म्हणून रडत होती."

ठमीने पोरीचे गार पाय पदरात गुंडाळले.

"तवाच ती मला पहिल्यांदा 'आये' म्हणाली व्हती, डागदर. आमी समजलो, तापात बरळते."