दुसरी किल्ली

माझी सायकल चोरीला गेली, तेव्हा विम्याच्या साहेबांनी कुलपाच्या दोन्ही किल्ल्या मागितल्या. "एक कधीच हरवलीय," मी खरं सांगितलं. "किल्ल्या बनवणाऱ्याचीच किल्ली हरवली?" अख्ख्या ऑफिससमोर दात काढत त्यांनी क्लेम नाकारला. खोटं बोलायचं असतं, तर दुसरी किल्ली बनवायला मला दोन मिनिटंही लागली नसती. आज तेच साहेब बनियनवर स्वतःच्याच बंद दाराबाहेर अडकले होते. आत गॅसवर दूध होतं. "किती उशीर!" ते ओरडले. "चालत आलो, साहेब." पिशवीतून मी अवजारांऐवजी त्यांचं नकाराचं पत्र काढलं आणि निवांत पायरीवर बसलो. "घर तुमचंच कशावरून? दोन्ही किल्ल्या दाखवा." दाराखालून करपल्याचा वास आला. शेजारी जमले. साहेबांनी हात जोडले. पत्र त्यांच्या हातात देत मी म्हणालो, "आधी हे मोठ्यानं वाचा. त्या दिवशीसारखं हसत."