हात धरला की

"आजोबा, तुमची नात आता अजिबात आरडाओरडा करत नाही हं. हात धरला की मुकाट चालू लागते," मुलांच्या वर्तन-उपचार केंद्राच्या दारात तिथल्या बाई म्हणाल्या.

"कमालच आहे! हिच्या आजीला माझ्या बाबतीत हे उभ्या आयुष्यात जमलं नाही."

बाहेर पाऊस होता. सगळ्या मुलांनी केंद्राचे सारखेच रेनकोट घातले होते. घोळक्यातून आजोबांनी नातीचा हात धरला आणि वाटभर एकटेच बडबडत घर गाठलं. जिन्यापाशी तिची टोपी मागे सारली, तर आत भलतीच मुलगी!

आजोबा तिच्यासमोर खाली वाकले. "अगं बाळा, मी तुझा कुणीच नाही. तू ओरडली का नाहीस?"

"केंद्रात ओरडलं की ब्लँकेटमध्ये गुंडाळून अंगावर बसतात. गप्प होईपर्यंत उठत नाहीत."

तिला कडेवर घेऊन आजोबा भर पावसात आल्या वाटेनं परत धावत सुटले. केंद्राच्या दारात बाई एकट्याच उभ्या होत्या.

"माझी नात कुठे आहे?"

"अहो, ती मघाशीच गेली की, एका गृहस्थांबरोबर. मला वाटलं, तुमच्याच घरचे असतील. इतकी शहाण्यासारखी गेली, एकदा मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही!"