दुसरी भट्टी

चौऱ्याहत्तर साली कोळसा मिळेनासा झाला आणि विद्यापीठाचा हुकूम आला, इंधन वाचवा. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या दोन भट्ट्या होत्या. एकीवर बौद्ध मुलांचं रांधलं जायचं, दुसरीवर बाकीच्यांचं. कागदावर याचं कारण 'अपुरी जागा' असं होतं. प्राचार्यांनी एक भट्टी विझवायला लावली. मोठ्या घरच्या काही पोरांनी फुटाण्यांवर दिवस काढून पाहिले, मग निमूट पंगतीत येऊन बसली.

दिवाळीनंतर ट्रक आला. मेसच्या दारात कोळशाचा हा एवढा ढीग पडला. स्वयंपाकीण विमलबाईनं प्राचार्यांना बोलावून आणलं.

"साहेब, कोळसा आला. दुसरी भट्टी पेटवू काय जी?"

प्राचार्यांनी दारातून आत पाहिलं. केनवडच्या बौद्धपुऱ्यातल्या इंद्रभाननं शेजारच्या पाटलाच्या ताटातला ठेचा उचलला होता. पाटील ओरडत होता, "अबे, मले तं ठेव थोडासा!"

"कोळसा?" ढिगाला टेकून उभे असलेले प्राचार्य म्हणाले, "कुठं आहे कोळसा?"

विमलबाईनं ढिगाकडे पाहिलं, मग पंगतीकडे.

"नाई जी," ती म्हणाली, "मलेबी नाई दिसून राह्यला."