सेक्रेटरींचा शिक्का

"आमच्या गृहसंस्थेच्या नियमावलीची नक्कल द्या," सेक्रेटरी नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला रुबाबात म्हणाले. "या वहिनींना दाखवायचीय."

वहिनी त्यांच्याच कॉलनीतल्या, शिवणकाम करणाऱ्या. नवऱ्याचे पाय गेल्यावर त्यांनी दारातल्या तीन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घेतला होता, म्हणजे चाकाची खुर्ची रस्त्यावर नेता येईल. त्यावर संस्थेची नोटीस आली: उतार नियमबाह्य, सोमवारपर्यंत पाडा. खाली सेक्रेटरींचा गोल शिक्का. "नियम दाखवा, मी स्वतः पाडते," असं वहिनी तोऱ्यात बोलून बसल्या होत्या. नवरा बाहेर, कचेरीच्या पायऱ्यांखाली, खुर्चीत वाट बघत होता.

कारकुनाने रजिस्टर दोनदा चाळलं. मग कपाटातून एक मळकी फाइल काढली.

"ही संस्था नोंदलेलीच नाही."

"असं कसं? बारा वर्षं मी सेक्रेटरी आहे!" सेक्रेटरींनी पिशवीतला शिक्का काढून टेबलावर ठेवला.

"शिक्का काय, कुणीही बनवून देतं. अर्ज आला होता तुमचा. एक सही राहिली म्हणून दुरुस्तीला परत दिला. पुढे कुणी फिरकलंच नाही."

फाइलमधल्या प्रतीवर रिकामी जागा सेक्रेटरींच्याच सहीची होती. अर्ज दुसऱ्याच्या हाती देऊन त्या दिवशी ते शिक्का बनवून घ्यायला गेले होते.

"मग माझी नोटीस?" वहिनींनी विचारलं.

"कायद्याने संस्थाच नाही, तर नोटीस कुणाची? शेजाऱ्यांनी फार तर विनंती करावी. दार तुमचं, पायऱ्या तुमच्या."

वहिनी मटकन बाकावर बसल्या. हसूही आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. सेक्रेटरी मात्र शिक्क्याकडे बघत उभे होते. आता हे भडकणार, असं वहिनींना वाटलं.

"म्हणजे पार्किंगची भांडणं, सात नंबरवाल्यांचा कुत्रा," सेक्रेटरी हळूच म्हणाले, "हे माझ्या गळ्यात नव्हतंच कधी?"

"नव्हतं."

"आणि नव्याने नोंदणी करताना सेक्रेटरी दुसरा चालेल?"

"हवा तो निवडा."

सेक्रेटरींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"काय गं, पाडायचा का?" त्यांना येताना पाहून नवऱ्याने खालूनच विचारलं.

वहिनींच्या आधी सेक्रेटरी भराभर पायऱ्या उतरले. "कोण पाडतोय? कुणाची हिंमत आहे?"

"पण सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच तर..."

"साहेब राहू द्या. मी चौदा नंबरवाला." त्यांनी खुर्चीच्या मुठी धरल्या. "चला, घरी जाऊ."

दहा पावलांवर फुटपाथ संपला आणि खुर्ची कडेशी अडली. सेक्रेटरींनी खाली वाकून पाहिलं. वीतभर उंचीची कड. त्यांचा जुना आवाज चढला.

"इथं उतार का नाही केला कुणी?"

"द्या की नोटीस," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीची दुसरी बाजू उचलली.