डाव्या अंगठ्याची शाई

म्हसावदला गोवराच्या लसीची मोहीम आली, तेव्हा लस दिलेल्या मुलांच्या डाव्या अंगठ्याला काळी शाई लावत होते. कुंदनचा लसीवर काडीचाही विश्वास नव्हता. केळीच्या खोक्यांवर नाव टाकायच्या मार्करनं त्यानं घरीच आपल्या मुलाचा, देवांगचा, अंगठा रंगवला. दारात आलेल्या आशाताई अंगठा बघून पुढच्या घरी गेल्या. लसीसाठी मागे लागलेली बायकोही गप्प झाली. "दिधी ना लस? आते तरी डोकं खाऊ नको," असं तिला सुनावून त्यानं ती युक्ती मित्रांच्या ग्रुपवर टाकली. खाली नुसते अंगठेच अंगठे आले.

मग गल्लीत गोवर निघाला. त्याची बायको चेतना नुकतीच बाळंत झाली होती. एवढ्या लहान बाळाला लस देता येत नाही, तेव्हा लस न घेतलेलं एकही पोर जवळ येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. तिनं शेजारची सगळी पोरं दारातूनच हाकलली. देवांगला मात्र ती तान्ह्या बहिणीला मांडीवर घेऊ द्यायची. त्याच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हाही लस झालीय म्हणून तिनं ते घामोळं समजून पावडर लावली.

तो बरा झाला. बहीण गेली.

तान्हीला पुरून कुंदन घरी आला, तर चेतना देवांगचा तोच अंगठा मुठीत धरून बसली होती.


"हाऊ पोऱ्या तरी वाचना," ती म्हणाली, "तुम्हीन त्याले लस दिधी म्हनीसन."